पाऊस सारखाच, मग पीक वेगळं का? दुःखाच्या प्रश्नाची विदर्भातली पार्श्वभूमी

मृगाचं पाणी एका वावरात धो धो पडतं आणि धुऱ्यापलीकडे मातीही ओली होत नाही. अशा वर्षी पारावर दोन शब्द हमखास ऐकू येतात: नशीब आणि भोग. बोलणाऱ्याला ठाऊक नसेल, पण या दोन शब्दांमागे हजार-दीड हजार वर्षांचा वाद आहे. गंमत म्हणजे त्यातला सगळ्यांत गाजलेला दाखला पावसाचाच आहे.

हा वाद ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या आधारग्रंथात, अगदी आटोपशीर सापडतो. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातलं 34 वं सूत्र म्हणतं, 'वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्', म्हणजे देवाकडे पक्षपात नाही आणि निर्दयपणाही नाही, कारण तो कर्म पाहूनच देतो. आक्षेप सरळ आहे: जग देवानं केलं असेल, तर एकाला सुखात आणि दुसऱ्याला हालात ठेवणारा देव पक्षपाती ठरतो, निर्दयही ठरतो. शंकराचार्य भाष्यात उत्तर देतात ते पावसाचं. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो, पीक वेगळं येतं ते ज्याच्या त्याच्या बियामुळे. देव म्हणजे पाऊस, बी म्हणजे जीवाचं कर्म. मग पहिलं बी कुठून आलं? पुढचंच सूत्र सांगतं की संसार अनादि आहे, पहिलं बी असं काही नाहीच.

तर्क बांधेसूद आहे. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र ही उपमा टोचते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं, कारण त्याहून कमी पावसात ओल वरच्या थरापुरतीच राहते. घाईनं पेरलं आणि वर तीन आठवड्यांचा खंड पडला, की उगवलेला कोंब करपतो आणि दुबार पेरणी डोक्यावर बसते. शेजाऱ्यानं त्याच दुकानातून, त्याच पिशवीतलं बी आणलेलं असतं, त्याचं मात्र तगतं. म्हणजे बी एकच आणि पक्षपात पावसाचा. भाष्यकारांच्या डोळ्यांसमोर असा पाऊस नसावा.

युरोपात 1755 च्या लिस्बन भूकंपानंतर हाच प्रश्न पेटला, पण तिथे जन्म एकच मानलेला, त्यामुळे जाब थेट देवालाच. आपल्याकडे मागचा जन्म आडवा येतो आणि देव सुटतो.

देवाला सोडवण्याची आणखी एक वाट विदर्भातच लिहिली गेली. मोर्शी तालुक्यातलं ऋद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान; तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा इथेच एकत्र केल्या. या पंथाच्या मते जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही अनादि आणि स्वतंत्र. कर्माची फळं देतात त्या देवता, मोक्ष मात्र त्यांच्या हातात नाही. परमेश्वर अवतार घेतो तो जीवाला सोडवायला. दुःखाची नोंद त्याच्या खात्यात पडतच नाही. पावसाच्या दाखल्यापेक्षा मला ही मांडणी जास्त प्रामाणिक वाटते. निदान फळ वाटणारा आणि तारणारा इथे एकच नाही.

देवाची बाजू मांडायचं सोडून माणसाच्या हिशेबाकडे वळले ते गाडगेबाबा. मामाचं शेत सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या कीर्तनात दुःखाची कारणं मोजून सांगितलेली असत: लग्नासाठी, तेराव्यासाठी काढलेलं कर्ज, दारू, नवसाचा बकरा, शाळेत न घातलेलं पोर. पूर्वजन्माचा हिशेब नाहीच. त्यांनी जिथून सेवेला सुरुवात केली, त्या पूर्णाकाठच्या गावाचं नाव ऋणमोचन, हा योगायोगच.

त्याच पिढीत बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्नाचं मूळच हलवलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, दोन दिवसांनी चंद्रपुरात. 1957 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ मूळ इंग्रजीत छापून आला. त्यात सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडत नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्ध ठरतं, तो विरोध करतो आणि परागंदा होणं पत्करतो. दुःखाचं कारण पाण्याची वाटणी! कालव्याच्या शेवटच्या टोकाला वावर असणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. गरिबाची दशा पूर्वजन्मीच्या कर्माची मानली, तर समाज आणि राज्य दोघंही जबाबदारीतून सुटतात, असा आरोपही त्यात आहे.

याला पाली आधार आहे. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या सीवक सुत्तात बुद्ध वेदनेची आठ कारणं देतात: पित्त, कफ, वात, तिन्ही मिळून, ऋतुबदल, स्वतःची हेळसांड, बाहेरचा आघात आणि कर्म. कर्म आठांत एक, तेही शेवटी.

पारावर मात्र आठही कारणं अजून 'भोग' या एकाच शब्दात कोंबली जातात. पऱ्हाटीच्या हिरव्यागार बोंडात गुलाबी बोंडअळी शिरते, तिचं भोक बुजतं आणि बोंड बाहेरून धडधाकट दिसतं. आत सरकी खाल्लेली, रुईची कवडी झालेली. फुलाच्या पाकळ्या गुलाबासारख्या मिटून 'डोमकळी' झाली तेव्हाच ओळखावं लागतं. वेचणीला कळलं तर हातात 'नशीब' एवढंच उरतं.

शेतकरी आत्महत्येनंतर तहसीलची फाईलही कारणच शोधते. 2006 पासून मदत एक लाखाची: 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. नापिकी, थकलेलं कर्ज आणि वसुलीचा तगादा दिसला तर प्रकरण 'पात्र'. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. बिनपरवाना सावकाराची चिठ्ठी फाईलला लागत नाही.