स्मार्ट स्विच विकत घेण्याआधी बोर्ड उघडून बघू

मोबाइलवरून दिवे-पंखे चालवणारे स्मार्ट स्विच नव्या फ्लॅटमध्ये चटकन बसतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वी वायरिंग झालेल्या घरात मात्र काम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं: बोर्डात न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, नसतो.

साधा स्विच फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, जोडतो आणि तोडतो. त्यात एक वायर फेजची येते, दुसरी दिव्याकडे जाते; वायरमन तिला हाफ वायर म्हणतात. न्यूट्रल वरच्या वर जंक्शनमधून थेट होल्डरला नेलेला असतो, तेवढीच वायर वाचते. स्मार्ट मॉड्यूलचं, म्हणजे बोर्डात स्विचमागे बसणाऱ्या छोट्या डबीचं, तसं नाही. दिवा बंद असतानाही त्याला वाय-फाय धरून ठेवायचं असतं, म्हणजे चोवीस तास स्वतःपुरती वीज हवी आणि त्यासाठी न्यूट्रल हवा. त्यामुळे दोन वायरी दिसल्या की फेज-न्यूट्रल दोन्ही आहेत, असं धरून चालू नका. जुन्या लाकडी पट्टीवरच्या वायरिंगमध्ये तर दोन्ही काळ्याच निघतात.

ज्या बोर्डावर प्लगचं सॉकेट आहे, तिथे न्यूट्रल मिळतो. जिन्यातला टू-वे (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालवणारा स्विच) किंवा बाथरूमबाहेरचा एकटा स्विच असेल, तर बहुधा नाही. मग त्याच सर्किटमधून नवी वायर ओढावी लागते. पाइप मोकळा असेल तर काम सोपं. नाही तर भिंतीवरून केसिंग, म्हणजे वायर झाकणारी पट्टी. दिसायला फार सुंदर नाही, पण भिंत फोडण्यापेक्षा बरं.

न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल्सही मिळतात. ती आपली वीज दिव्यातूनच घेतात. तिथे पाच वॉटचा एलईडी असला, तर स्विच बंद करूनही तो काजव्यासारखा लुकलुकतो. होल्डरवर एक छोटा कपॅसिटर जोडला की हे बहुधा थांबतं.

‘अर्थिंगलाच न्यूट्रल करा, चालतं’ असं सांगणारे भेटतील. चालतंही. पण मग अर्थच्या वायरीतून सतत करंट वाहतो, आणि ती वायर पुढे कुठे सुटली तर त्याच अर्थवरच्या फ्रिज-गिझरच्या बॉडीला हात लावणाऱ्याला शॉक बसू शकतो. कितीही आग्रह झाला तरी हे काम आम्ही करत नाही.

मेनजवळ चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज असतील, तर ते आधी दाखवा. त्यातला एक न्यूट्रलवर असतो. तोच उडाला की घर अंधारात जातं, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. तो फ्यूज काढून तिथे लिंक, म्हणजे न वितळणारी थेट जोडणी, टाकल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

जुन्या लाकडी बोर्डाची एक गोष्ट मात्र चांगली: मागे जागा ऐसपैस असते. वाळवी लागली नसेल तर मॉड्यूल आरामात मावतं. नव्या उथळ पत्र्याच्या बॉक्समध्ये ते कोंबावं लागतं.

गिझरसाठी वेगळा हिशेब. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा १३. तिथे १० अँपिअरचं मॉड्यूल लावू नका. १६ अँपिअरचं लागतं, आणि वायरही तेवढी जाड हवी. गिझरमधला मूळ थर्मोस्टॅट तसाच राहतो, मोबाइल फक्त चालू-बंद करतो.

आमचा माणूस येण्याआधी प्रत्येक बोर्डाचा आणि मेनचा समोरून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. प्लेट स्वतः काढू नका, आणि पाहणी होईपर्यंत स्विच मागवू नका.