मालदीव: रिसॉर्टचे बेट आणि वस्तीचे बेट

मालदीव महाग आहे का, तेथे मद्य मिळते का आणि समुद्रावर पोहण्याचा पोशाख चालतो का, या तीन प्रश्नांना जो कोणी एका शब्दात उत्तर देतो, तो विचारणाऱ्याला अडचणीत टाकतो. या देशात प्रवासी राहतात ती बेटे दोन निराळ्या व्यवस्थांची आहेत आणि एका व्यवस्थेतील अनुभव दुसरीत उपयोगी पडत नाही. तरीही मित्रमंडळींच्या सल्ल्यांत आणि प्रवास कंपन्यांच्या जाहिरातींत दोन्ही सर्रास एकाच नावाखाली खपवली जातात.

रिसॉर्टचे बेट बहुतेकांना छायाचित्रांमुळे ठाऊक आहे. संपूर्ण बेटावर एकच रिसॉर्ट, गाव नाही, पाण्यावर उभारलेली घरे, जेवणाचे आणि मद्याचे दर डॉलरमध्ये. १९७२ साली कुरुंबा हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले, तेव्हापासून पर्यटकांना निर्जन बेटांवर ठेवायचे आणि स्थानिक समाजापासून दूर राखायचे, हे त्या देशाचे दीर्घकाळचे धोरण राहिले. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसना मोकळीक मिळाली ती २००९ नंतर. माफुशी, धिगुरा, थोड्डू, फुलिधू ही आज आपल्याकडे ‘लोकल आयलंड’ म्हणून विकली जाणारी नावे त्यानंतरच प्रवाशांच्या नकाशावर आली.

खरा घोळ येथून पुढे सुरू होतो. वस्तीचे बेट म्हणजे रिसॉर्टची स्वस्त आवृत्ती, असे समजून लोक खोली घेतात. प्रत्यक्षात ते एक गाव असते: मशीद, शाळा, किराणा दुकान, मासेमारीच्या होड्या आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे. इस्लाम हा मालदीवचा राजधर्म आहे आणि २००८ च्या राज्यघटनेनुसार मुस्लिम नसलेल्या व्यक्तीला तेथील नागरिक होता येत नाही. रिसॉर्टच्या बेटावर पर्यटकांसाठी ज्या सवलती आहेत, त्या गावाच्या धक्क्यावर पाय ठेवताच संपतात. त्यामुळे वस्तीच्या बेटावर मद्य मिळत नाही. कितीही पैसे मोजले, तरी गेस्टहाउसला ते देता येत नाही. माफुशीसारख्या ठिकाणी किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या बोटीवर जाऊन पिण्याची सोय असते, परंतु ती बोटीवरची सोय आहे, बेटावरची नव्हे. मुंबईच्या विमानतळावर घेतलेली बाटली सोबत नेण्याचा सल्ला तर कृपा करून कोणी देऊ नये. राजधानी मालेच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकारी ती काढून घेतात आणि परतीच्या वेळी पावती दाखवल्यावर देतात, मग मुक्काम कोणत्याही बेटावर असो. डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्ती आणण्यासही मनाई आहे.

पोशाखाचेही तसेच. वस्तीच्या बेटांवर परदेशी पर्यटकांसाठी ‘बिकिनी बीच’ म्हणून किनाऱ्याचा ठरावीक पट्टा राखलेला असतो. त्या पट्ट्याबाहेर, मग तो समोरचाच रस्ता का असेना, खांदे आणि मांड्या झाकलेल्या हव्यात. हे बंधन मागासलेपणाचे आहे, अशी कुरकुर करणाऱ्यांचे मला नवल वाटते; आपल्या कोकणातल्या एखाद्या गावातून ओल्या पोहण्याच्या कपड्यांत कोणी किराणा आणायला निघाले, तर गावकरी काय म्हणतील, याचा विचार करावा. रमजानच्या महिन्यात दिवसा उघड्यावर खाणे-पिणेही टाळावे लागते. शुक्रवारी बहुतेक सरकारी फेरी बोटी चालत नाहीत आणि नमाजाच्या वेळी दुकाने बंद असतात. गुरुवारी रात्री मालेत उतरून शुक्रवारी स्वस्तात पुढे जाण्याचा बेत आखणारे येथेच फसतात.

खर्चातील फरक केवळ खोलीच्या भाड्याचा नसतो. अनेक रिसॉर्ट गाठण्यासाठी सीप्लेन घ्यावे लागते, त्याचे भाडे माणशी काहीशे डॉलर असते आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. दुपारी साधारण साडेतीननंतर मालेत उतरणाऱ्याला बहुधा एक रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते. माफुशीला मात्र स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. जानेवारी २०२५ पासून हरित कर रिसॉर्टमध्ये दररोज माणशी १२ डॉलर, तर वस्तीच्या बेटावरील ५० किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये ६ डॉलर आहे. जाहिरातीतल्या दरात हा कर, १७ टक्के पर्यटन जीएसटी आणि सेवा शुल्क धरले आहे की नाही, हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करणे व्यर्थ आहे. आणि गेस्टहाउसच्या जाहिरातीवर पाण्यावरच्या घराचे चित्र दिसले, तर ती जाहिरात तेथेच मिटावी.

बाकीचे दोन्हीकडे सारखेच. भारतीय नागरिकांना उतरल्यावर ९० दिवसांपर्यंतचा मोफत प्रवेश मिळतो. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ हे सरकारी ऑनलाइन निवेदन भरायचे असते. तेही मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे दलालांची आहेत. घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे असते. ई-सिगारेट नेऊ नये. प्रवाळ सोबत आणू नये.

माझा कौल उघड आहे. प्रवाळ, देवमुशी (व्हेल शार्क) आणि पाण्याखालचे जग पाहायचे असेल, तर वस्तीचेच बेट घ्यावे. देवमुशींसाठी धिगुरा उत्तम, कारण दक्षिण अरी प्रवाळद्वीपात त्या वर्षभर दिसतात. थोड्डूवर कलिंगडाची आणि पपईची शेते आहेत. रिसॉर्टमध्ये ते कोणी दाखवत नाही. शाकाहारी कुटुंबाने मात्र गेस्टहाउसला आधीच कळवावे, कारण तेथील नेहमीची न्याहारी म्हणजे ट्यूना मासा, खोबरे आणि कांदा घालून केलेली मासहुनी. मधुचंद्राला जाणाऱ्यांनी, ज्यांना एकांत आणि संध्याकाळी वाइन दोन्ही हवे आहे, त्यांनी रिसॉर्टच घ्यावे आणि हवे तर दिवस कमी करावेत. दोन्ही हवे असेल, तर आधी वस्तीचे बेट आणि शेवटी रिसॉर्ट असा क्रम ठेवावा. मात्र परतीचे विमान पहाटेचे असल्यास शेवटची रात्र मालेजवळच काढावी, कारण अंधारात सीप्लेन मिळणार नाही.