सुटले एकदाची!

पाळी बंद झाली की हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! बाजूला बसणं संपलं, सणवाराला गोळी घेऊन पाळी पुढे ढकलणं संपलं. ही सुटका खरी आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्शा फ्लिंट यांनी 1975 साली राजपूत स्त्रियांविषयी असंच लिहिलं होतं: पाळी गेली की पडदा सुटतो, पुरुषांत बसता-बोलता येतं, आणि तक्रारी फारशा ऐकू येत नाहीत.

मला काळजी वाटते ती या न ऐकू येणाऱ्या तक्रारींची. पाळी जाण्यामुळे मोकळीक मिळाली, मग त्याबद्दल कुरकुर कशी करायची? मग अंगावर काढणं सुरू होतं.

आपल्याकडे पाळी साधारण 46-47व्या वर्षी जाते. इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातलं संप्रेरक घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र, हायपोथॅलॅमस, नको इतकं हळवं होतं. जराशी ऊब वाढली तरी ते उष्णता बाहेर टाकायला धावतं. पोळ्या लाटताना छातीतून वाफ वर चढते, चेहरा लालबुंद होतो, पाठ भिजते आणि पाठोपाठ हुडहुडी भरते. घरचे म्हणतात, "गॅसजवळ उभी आहेस, होणारच." हा त्रास काहींना सात-सात वर्षं पुरतो.

दवाखान्यात गेली तरी बाई गुडघ्यांचं सांगते. खोकताना लघवी निसटते, हे सांगत नाही. भिशीला, लग्नाकार्याला जाणं हळूहळू सोडते आणि लोक म्हणतात, घुमी झाली. योनीच्या कोरडेपणाला तर घरात शब्दच नाही. खरं तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेलं इस्ट्रोजेनचं मलम यांनी पुष्कळ आराम पडतो.

भीती उलट्या दिशेनेही ढकलते. "पिशवीचा कॅन्सर होईल" या धास्तीने पिशवीच काढून टाकली जाते. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. सोबत बीजकोशही (अंडाशय) काढले, तर तिशीतच एका दिवसात रजोनिवृत्ती येते आणि हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून गेलं, नुसता डाग दिसला, तरी त्याला "परत आली" म्हणून सोडू नये. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची पहिली खूण तीच असते. सोनोग्राफीत अस्तराची जाडी कळते. शंका आली तर त्याचा बारीकसा तुकडा तपासतात.