घड्याळाशी शर्यत: ब्रिटिश ट्रॅक सायकलिंगची पार्श्वभूमी

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या वाट्याला एकच सुवर्णपदक आलं. तेही नौकानयनात, स्टीव्ह रेडग्रेव्ह आणि मॅथ्यू पिन्सेंट यांच्या जोडीनं मिळवलेलं. एकूण पदकं १५, पदकतालिकेत स्थान ३६ वं. बारा वर्षांनी बीजिंगमध्ये हाच देश १९ सुवर्णपदकांसह चौथा आला आणि त्यातली सात सुवर्णपदकं एकाच छपराखाली, २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकवर मिळाली. क्रिस हॉय, ब्रॅडली विगिन्स, व्हिक्टोरिया पेंडलटन आणि पुढे जेसन व लॉरा केनी ही नावं त्यानंतर ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचली. राष्ट्रीय लॉटरीच्या पैशानं हे यश आलं, असं सर्रास सांगितलं जातं. पैसा लागलाच. पण तो सायकलिंगमध्येच इतका का फळला, हे समजून घ्यायला शंभर वर्षं मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या रस्त्यांवर सायकलींच्या शर्यती भरत, घोडे बुजत, तक्रारी होत आणि पोलीस मध्ये पडत. सायकलस्वारांचा रस्ता वापरण्याचा हक्कच जाईल या भीतीनं त्यांच्याच राष्ट्रीय संघटनेनं सार्वजनिक रस्त्यांवरच्या सामूहिक शर्यती बंद केल्या. फ्रेडरिक बिडलेक यांनी त्यातून वाट काढली. स्वारांनी एकत्र सुटायचं नाही. एक-एक मिनिटाच्या अंतरानं एकट्यानं निघायचं, ठरलेलं अंतर कापायचं आणि शेवटी वेळ मोजायची. नॉर्थ रोड क्लबनं १८९५ मध्ये अशी ५० मैलांची स्पर्धा घेतली आणि टाइम ट्रायलची ही पद्धत रुजली. रहदारी सुरू व्हायच्या आत, पहाटे स्वार निघत. अंगात गडद कपडे, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला शर्यत वाटू नये. मार्गांना गावाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असत आणि कार्यक्रमपत्रिकेवर ‘खासगी व गोपनीय’ असं छापलेलं असे.

फ्रान्स, बेल्जियम, इटलीत याच काळात घोळक्यानं धावायच्या शर्यती वाढल्या. तिथला सायकलपटू डावपेच शिकला: कुणाच्या मागे लपायचं, कधी सुटायचं, कुणाशी तात्पुरती युती करायची. ब्रिटिश सायकलपटू या शाळेत फारसा गेलाच नाही. पर्सी स्टॅलर्ड यांनी १९४२ मध्ये लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामूहिक शर्यत घेऊन बंदी मोडली. त्यावरून संघटनेत फूट पडली आणि दोन्ही गट १९५९ मध्ये एकत्र येईपर्यंत ती टिकली. रस्त्यावरच्या शर्यतीत ब्रिटन मागे राहिला याचं मोठं कारण हेच. पण त्याच काळात १०, २५, ५०, १०० मैल आणि १२ व २४ तास अशा ठरलेल्या मापांत घड्याळाविरुद्ध एकट्यानं पळण्याची सवय गावोगावच्या क्लबांमध्ये मुरली. वेग सगळ्या अंतरावर कसा विभागायचा आणि सुरुवातीला जोर किती राखायचा, हे ज्ञान हजारो हौशी लोकांच्या पायात होतं.

बेरिल बर्टन हे त्या परंपरेचं शिखर. लीड्सजवळच्या मॉर्लीत राहणारी ही बाई शेतावर राबून सायकल चालवत असे. १९६७ मध्ये १२ तासांच्या टाइम ट्रायलमध्ये तिनं २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर कापले. त्याच दिवशी माइक मॅकनमारा यांनी २७६.५२ मैलांचा पुरुषांचा नवा विक्रम केला होता. बर्टन त्यांच्याही पुढे होती. त्यांना ओलांडताना तिनं जेठीमधाची एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली, हा प्रसंग ब्रिटिश सायकलपटू आजही सांगतात. परस्यूटमध्ये (ट्रॅकवर एकमेकांचा पाठलाग करायची शर्यत) पाच आणि रोड रेसमध्ये दोन जागतिक विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. ऑलिंपिक पदक मात्र नाही, कारण महिलांचं सायकलिंग ऑलिंपिकमध्ये १९८४ मध्ये आलं आणि ट्रॅकवर तर १९८८ मध्ये. आजच्या पदकांच्या गर्दीत बर्टनचं नाव मागे पडतं, ते पडू नये.

पुरुषांमध्ये रेग हॅरिस आणि ह्यू पोर्टर यांनी जागतिक विजेतेपदं मिळवली, पण ते तुरळक तारे होते. सोयी बेताच्याच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचं ट्रॅक सायकलिंग झालं ते हर्न हिलच्या उघड्या, काँक्रीटच्या आणि कमी उताराच्या ट्रॅकवर. पाऊस आला की सराव बंद.

चित्र बदललं ते बार्सिलोनात, १९९२ मध्ये. टाइम ट्रायलच्याच मुशीतून आलेल्या क्रिस बोर्डमननं ४ किलोमीटर वैयक्तिक परस्यूटच्या अंतिम फेरीत जर्मनीच्या येन्स लेहमनला गाठून मागे टाकलं. या शर्यतीत दोघे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटतात. म्हणजे बोर्डमननं अर्ध्या फेरीचं अंतर भरून काढलं होतं. ब्रिटनला सायकलिंगमध्ये ७२ वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण. बातम्या त्याच्या लोटस कंपनीच्या कार्बन सायकलच्या झाल्या. तिची मूळ कल्पना माइक बरोज यांची: नळ्या जोडलेली फ्रेम नाही, एकसंध कवच. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या ग्रॅमी ओब्रीनं स्वतः बनवलेल्या सायकलवर तासाभरात ५१.५९६ किलोमीटर कापून फ्रान्चेस्को मोझरचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. त्या सायकलमध्ये कपडे धुण्याच्या यंत्राचं बेअरिंग होतं. सहा दिवसांत बोर्डमननं बोर्दोत ५२.२७० किलोमीटर करून तो विक्रमही मागे टाकला.

सप्टेंबर १९९४ मध्ये मँचेस्टरचा बंदिस्त वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं क्रीडागार, उघडला. या सगळ्या कथेत सर्वात कमी बोललं जातं ते याच्याबद्दल, आणि माझ्या मते निर्णायक तोच. २५० मीटरचा पाइन लाकडाचा ट्रॅक, वळणांवर सुमारे ४२ अंशांचा कल. वाऱ्याची झुळूक नाही आणि तापमान हातात. त्यामुळे आज १५.० सेकंदांत झालेली फेरी आणि महिन्यानंतरची १४.८ ची फेरी यांची तुलना करता येते. उघड्या ट्रॅकवर हा फरक वाऱ्यामुळे पडला की पायांमुळे, हे कळतच नाही. लाकडाचीही निगा लागते. एडिनबरोच्या मेडोबँक या उघड्या लाकडी ट्रॅकवर १९९६ मध्ये पडल्यानंतर जेसन क्विली याच्या अंगात सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीची ढलपी घुसली होती. चार वर्षांनी सिडनीत एक किलोमीटर टाइम ट्रायलचं सुवर्ण जिंकून ब्रिटनचं खातं त्यानंच उघडलं.

आता पैसा. राष्ट्रीय लॉटरी नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली. एक पौंडाच्या तिकिटातले साधारण २८ पेन्स सार्वजनिक कामांना जात आणि खेळ त्यांपैकी एक. १९९७ पासून यूके स्पोर्ट या संस्थेमार्फत हा पैसा दोन वाटांनी येऊ लागला: संघटनेला प्रशिक्षण व साधनांसाठी आणि खेळाडूला थेट उदरनिर्वाहासाठी. सायकलिंगला सिडनीच्या चार वर्षांत सुमारे ५४ लाख पौंड मिळाले, बीजिंगच्या वेळी २.२ कोटी, लंडनच्या वेळी २.६ कोटी.

बोर्डमनचे प्रशिक्षक पीटर कीन यांनी या पैशाचा आराखडा आखला आणि भर ट्रॅकवर दिला. रोड रेसमध्ये पंक्चर, घोळका, ऊन, प्रतिस्पर्ध्यांची युती असं काहीही आड येतं. ट्रॅकवरच्या वेळेच्या शर्यतीत मात्र सुवर्णासाठी लागणारी वेळ आधीच अंदाजता येते. तिच्यावरून वेग, वेगावरून लागणारी ताकद आणि तिच्यावरून चार वर्षांचा सराव मांडता येतो. बिडलेकच्या पहाटेच्या शर्यतींमध्ये वाढलेल्या देशाला ही भाषा मुळातच येत होती. पुढे संघप्रमुख झालेल्या डेव्ह ब्रेल्सफर्ड यांनी हीच पद्धत बारीकसारीक सुधारणांपर्यंत नेली.

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, फ्रीव्हील नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. गिअर एकच, तोही शर्यतीआधी ठरवायचा. समजा पुढे ५२ दाते आणि मागे १४: पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास ७.८ मीटर जाते. १५ सेकंदांची फेरी म्हणजे ताशी ६० किलोमीटर, त्यासाठी मिनिटाला सुमारे १२८ फेरे मारावे लागतात. गिअर जड घेतला तर फेरे कमी लागतात, पण उभ्यानं सुटताना पहिल्या अर्ध्या फेरीतच मांड्या भरून येतात. हलका घेतला तर सुरुवात झकास आणि शेवटी पाय वेगाला पुरत नाहीत. या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते आणि लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हेल्मेट, अंगाला चिकटणारे कपडे आणि कोपरांची ठेवण यांवर पुढे संघासाठी साधनांचं संशोधन करणाऱ्या बोर्डमनच्या गटानं वायुबोगद्यात इतका वेळ घालवला.

संघाचं खरं कसब दिसतं ते टीम परस्यूटमध्ये. चौघं, १६ फेऱ्या, ४ किलोमीटर. वेळ धरली जाते तिसऱ्या स्वाराच्या पुढच्या चाकावर, त्यामुळे एकजण दमून गळला तरी चालतं. पुढचा स्वार हवा फोडतो, बाकीचे त्याच्या चाकाला जवळजवळ चिकटून आडोसा घेतात. एखाद-दोन फेऱ्यांनी पुढचा वळणावर वरच्या बाजूला चढतो, तिघांना खालून जाऊ देतो आणि उताराचा फायदा घेत शेवटच्या चाकामागे उतरतो. चुका ठरलेल्या असतात. पुढे आल्यावर उत्साहानं वेग वाढवला की रांग तुटते. खाली उतरायला क्षणभर उशीर झाला की मागच्या चाकापासून दोन-तीन मीटर अंतर पडतं, ते भरताना अर्धा दम जातो आणि तो माणूस पुढच्या पाळीला निकामी होतो. ताकदवान स्वाराला जास्त वेग देऊन चालत नाही. त्याच वेगात जास्त फेऱ्या द्यायच्या, हे गणित ब्रिटिश संघानं पक्कं केलं. बीजिंगमध्ये ३ मिनिटं ५३.३१४ सेकंद, लंडनमध्ये ३:५१.६५९, रिओत ३:५०.२६५ असे विक्रम पडत गेले.

टीम स्प्रिंटमध्ये, म्हणजे प्रत्येक स्वारानं एकेक फेरी पुढे राहायच्या छोट्या शर्यतीत, चूक आणखी महागात पडते. पहिल्या स्वारानं आपली फेरी संपवून ठरलेल्या पट्ट्यातच बाजूला व्हायचं असतं. लंडनमध्ये पेंडलटन आणि जेस वार्निश यांची अदलाबदल या पट्ट्याबाहेर झाली म्हणून त्या बाद ठरल्या. पेंडलटननं पुढे केरिनचं, म्हणजे मोटारसायकलमागे काही फेऱ्या मारून शेवटी सुसाट सुटायच्या शर्यतीचं, सुवर्ण जिंकलं.

क्रिस हॉयची कारकीर्द या सगळ्याचा आरसा आहे. एडिनबरोचा हा मुलगा मेडोबँकवर शिकला. अथेन्समध्ये एक किलोमीटर टाइम ट्रायलला तो सर्वात शेवटी सुटला. फ्रान्सच्या आर्नो तूर्नांनं नुकतीच १:००.८९६ ची वेळ लावली होती, हॉयनं १:००.७११ मध्ये ती मोडली. पण २००५ मध्ये ही शर्यतच ऑलिंपिकमधून काढली गेली. आपलं हुकमी अस्त्र गेल्यावर तिशीच्या उंबरठ्यावर त्यानं डावपेचांच्या शर्यती, म्हणजे केरिन आणि स्प्रिंट, नव्यानं शिकल्या. बीजिंगमध्ये तो तीन सुवर्णं घेऊन आला. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं मिळवणारा १९०८ नंतरचा तो पहिला ब्रिटिश खेळाडू. त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. २०१२ मध्ये टपाल खात्यानं प्रत्येक सुवर्णविजेत्याच्या गावातली एक लाल टपालपेटी सोनेरी रंगवली. हॉयची एडिनबरोत हॅनोव्हर स्ट्रीटवर आहे. स्वतःला प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं जाहीर केल्यानंतर तो पुरुषांना प्रोस्टेटची तपासणी वेळेत करून घ्यायला सांगतो आहे आणि लोक त्याचं ऐकतात.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. पदकं देईल त्याच खेळाला पैसा, या धोरणात बास्केटबॉलची मदत आटली आणि रिओत कांस्यपदक मिळवूनही बॅडमिंटनची मदत थांबवली गेली. सायकलिंगच्या संघातल्या वागणुकीबद्दल २०१६ मध्ये तक्रारी झाल्या आणि पुढच्या वर्षीच्या स्वतंत्र चौकशीनं कारभारावर कडक टीका केली. पदकासाठी माणसं वापरून टाकली जात असतील तर तो अभिमान पोकळ ठरतो, हे खेळाडूंनीच बोलून दाखवलं.

टोकियोत जेसन केनीनं केरिनमध्ये सातवं सुवर्ण मिळवलं, ब्रिटनमधला सर्वाधिक आकडा. लॉरा केनीची पाच सुवर्णं ही ब्रिटिश महिलांमधली सर्वाधिक. पॅरिसमध्ये मात्र ट्रॅकवर एकच सुवर्ण आलं. पुरुषांच्या टीम परस्यूटच्या अंतिम फेरीत शेवटच्या क्षणी ईथन हेटर सीटच्या टोकावरून घसरला आणि रौप्यावर समाधान मानावं लागलं. याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियानं आधीच्या फेरीत ३:४०.७३० ची वेळ लावली होती, म्हणजे सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटरच्या वर. ब्रिटननं शिकवलेला हिशेब आता सगळ्यांना येतो.

ते एकमेव सुवर्ण कॅटी मार्चंट, सोफी केपवेल आणि एमा फिनुकेन यांनी महिलांच्या टीम स्प्रिंटमध्ये जिंकलं. फिनुकेननं त्याशिवाय केरिन आणि स्प्रिंटमध्ये कांस्यपदकं घेतली. ती वेल्समधल्या कारमार्थनची. तिथल्या उद्यानात १९०० साली बांधलेला उघडा काँक्रीटचा वेलोड्रोम आहे आणि तिची सायकल सुरू झाली ती त्याच ट्रॅकवर.