आठ हिट, पंचेचाळीस संधी

१९७० च्या हंगामाचे पहिले काही आठवडे उलटले, तेव्हा न्यूयॉर्क यांकीजचा नवा कॅचर (म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक) थर्मन मन्सन याच्या नावावर ४५ संधींत ८ हिट होते. हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेसवर, धावण्याच्या टप्प्यावर, पोचणं. बेसबॉलमधली सरासरी म्हणजे हिट भागिले संधी. मन्सनची भरली ०.१७८. दहापैकी तीनदा हिट काढणारा तिथे उत्तम फलंदाज समजला जातो आणि ०.२०० च्या खाली घसरलेल्याची जागा डळमळू लागते. ४५ च संधी मिळालेल्या मिलवॉकीच्या मॅक्स अल्व्हिसचे ७ हिट होते, म्हणजे ०.१५६. कागदावर दोघांत एका हिटचा फरक.

उरलेल्या हंगामात मन्सन ०.३१६ ने खेळला आणि अमेरिकन लीगचा, म्हणजे अव्वल दर्जाच्या मेजर लीगमधल्या दोन लीगांपैकी एकीचा, सर्वोत्तम नवोदित ठरला. अल्व्हिस उरलेल्या हंगामात ०.२०० वरच राहिला आणि त्यानंतर मेजर लीगमध्ये दिसला नाही.

फँटसी बेसबॉलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडून घेण्यात, विसाव्या फेरीनंतर एवढंच कोडं असतं: तळाला पडलेल्यांत मन्सन कोण आणि अल्व्हिस कोण.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रमंडळींनी न्यूयॉर्कच्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ या रेस्टॉरंटच्या नावावरून ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे आणि खऱ्या सामन्यांतल्या त्यांच्या आकड्यांवर आपल्या संघाचे गुण मोजायचे. आयपीएलवर मोबाइलमध्ये संघ लावणाऱ्यांना कल्पना येईल. फरक एवढाच की इथे एक खेळाडू लीगमधल्या एकाच मालकाकडे जातो आणि हंगाम १६२ सामन्यांचा असतो. न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये बारा मालक आहेत, त्यांतले तिघे मराठी, तिघेही क्रिकेटवर वाढलेले. प्रत्येकी २३ खेळाडू, म्हणजे एकूण २७६. निवडीचा क्रम शेतात नांगर तासाच्या टोकाला वळतो तसा दर फेरीला उलटतो. पहिल्या फेरीत शोहेई ओहतानी किंवा ॲरन जज घ्यायला अक्कल लागत नाही, नशिबाने आधीचा नंबर लागला की झालं. खरी गंमत रात्री अकरानंतर, जेव्हा अर्धे मालक जांभया देत वेबसाइटने सुचवलेल्या यादीतलं वरचं नाव डोळे मिटून उचलत असतात.

आता त्या ४५ संधींकडे पुन्हा वळू. समजा एखाद्या फलंदाजाची खरी कुवत ०.२६५ आहे. त्याला ४५ वेळा उभं केलं, तर निव्वळ योगायोगाने त्याची सरासरी साधारण ०.०६६ ने वर किंवा खाली हलते. म्हणजे तोच माणूस, तीच बॅट, आणि आकडा ०.२०० पासून ०.३३० पर्यंत कुठेही, शिवाय दर तिघांतला एक त्याच्याही बाहेर. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातले नेमक्या ४५ संधी झालेले १८ फलंदाज घेतले होते. त्या अठरांच्या सरासऱ्यांचा पसारा किती? साधारण ०.०७०. म्हणजे अठरा जणांत जो फरक दिसत होता, तो बहुतेक सगळा दैवाचाच होता.

इथे चार्ल्स स्टाइन या संख्याशास्त्रज्ञाचं एक विचित्र गणित कामाला येतं. १९५० च्या दशकात त्यांनी सिद्ध केलं की तीन किंवा अधिक गोष्टींचा एकदम अंदाज करायचा असेल, तर प्रत्येकीचा स्वतःचा आकडा जसाच्या तसा धरण्यापेक्षा सगळे आकडे एका मध्याकडे थोडे ओढून घेतले, तर एकूण चूक कमी होते. एफ्रॉन आणि मॉरिस यांनी हेच करून पाहिलं. अठरा जणांची मिळून सरासरी ०.२६५, प्रत्येकाचं तिच्यापासूनचं अंतर जवळजवळ पाचपट आखडलं. रॉबर्टो क्लेमेंटे ०.४०० वर होता, त्याला ०.२९४ वर आणलं. मन्सनला ०.१७८ वरून ०.२४७ वर चढवलं. मग उरलेल्या हंगामाशी ताडून पाहिलं, तर १८ पैकी १६ जणांच्या बाबतीत हा आखडलेला अंदाज मूळ आकड्यापेक्षा सरस ठरला.

ड्राफ्टच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. गेल्या हंगामात आपटलेला माणूस दिसतो तितका वाईट नसतो आणि चमकलेला दिसतो तितका चांगला नसतो. बाजार मात्र दिसलेल्या आकड्याचे पैसे मोजतो. पूर्ण हंगामाच्या ६०० संधी घेतल्या, तरी योगायोगाचा हेलकावा ०.०१८ उरतोच. ०.२८० आणि ०.२५० यांत ड्राफ्टमध्ये कित्येक फेऱ्यांचं अंतर पडतं, आणि ते दोघे मुळात सारखेच असू शकतात.

पण गणित एवढ्यावर सोडलं तर अल्व्हिसही घ्यावा लागेल. सूत्राने त्यालाही उचलून ०.२४२ वर ठेवलं होतं. क्लेमेंटेच्या बाबतीत तर सूत्र उलट्या बाजूने चुकलं. तो पुढे ०.३४६ ने खेळला. सूत्राला माहीतच नव्हतं की हा क्लेमेंटे आहे, चार वेळा लीगमधली सर्वोच्च सरासरी काढलेला. मन्सन तेव्हा २२ वर्षांचा होता, दोनच वर्षांपूर्वी खऱ्या ड्राफ्टमध्ये देशभरातून चौथ्या क्रमांकावर निवडलेला. अल्व्हिस ३२ चा होता. फलंदाजाचा बहर साधारण पंचविशी ओलांडल्यावर येतो आणि तिशीनंतर ओसरू लागतो. म्हणजे आकडा मध्याकडे ओढायचा हे खरं, पण कोणाच्या मध्याकडे? तरण्या गुणी पोराचा मध्य वेगळा, उतरणीला लागलेल्याचा वेगळा. (क्लेमेंटे आणि मन्सन दोघेही पुढे विमान अपघातात गेले, एक १९७२ च्या शेवटच्या रात्री भूकंपग्रस्त निकाराग्वाला मदत नेताना, दुसरा १९७९ मध्ये स्वतःचं विमान चालवताना. ती यादी वाचताना हे मनातून जात नाही.)

दुसरा प्रश्न, कोणत्या आकड्यावर किती लवकर विश्वास टाकायचा? बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक रसेल कार्लटन यांनी याचा हिशेब मांडला. एखादा आकडा निम्मा कुवतीचा आणि निम्मा योगायोगाचा होईपर्यंत किती खेळ पाहावा लागतो? फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट होतो, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होतो, हे सुमारे ६० वेळा खेळल्यावर कळू लागतं. बॉल सोडून फुकट बेसवर जाण्याचं प्रमाण १२० वेळांनंतर. होम रनचं, म्हणजे आपल्या षटकारासारख्या फटक्याचं, १७० नंतर. आणि सरासरी, जी टीव्हीवर सगळ्यात मोठ्या अक्षरात झळकते, तिला ९१० संधी लागतात, म्हणजे पूर्ण हंगामाहून जास्त. सरासरी पडलेली पण स्ट्राइकआउटचं प्रमाण जागेवर असलेला फलंदाज शेवटच्या फेऱ्यांत दिसला, की माझे कान टवकारतात.

पिचरचंही, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचंही, तसंच. २००१ मध्ये व्होरोस मॅक्क्रॅकन या दुसऱ्या अभ्यासकाने दाखवलं की बॅटला लागून मैदानात पडलेला चेंडू हिट ठरतो की झेल, यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. असे दहातले तीन चेंडू कुठे ना कुठे निसटतातच. त्यामुळे भरपूर स्ट्राइकआउट काढून, मोजकेच फुकट बेस देऊनही धावा खाल्लेला पिचर स्वस्तात मिळतो. त्याच्या जिंकलेल्या सामन्यांचा आकडा तर मी बघतच नाही. त्यात त्याच्या संघाच्या फलंदाजांचा वाटा मोठा.

२०१५ पासून तर चेंडू बॅटवरून किती वेगाने आणि कोणत्या कोनात सुटला, हेही मेजर लीगच्या तीसच्या तीस मैदानांवर मोजलं जातं. या यंत्रणेचं नाव स्टॅटकास्ट. २०२० पासून तिच्यात हॉक-आयचे कॅमेरे आले, तेच हॉक-आय, ज्याच्यावरून आपण पायचीतच्या निर्णयावर रात्रभर भांडतो. ताशी ९५ मैल, म्हणजे १५३ किलोमीटरच्या पुढे सुटलेला चेंडू जोरकस धरतात. तो थेट फिल्डरच्या हातात गेला तर धावफलकावर फलंदाज बाद, पण स्टॅटकास्टच्या वहीत त्याचं श्रेय राहतं: अशा वेगाचे, अशा कोनाचे पूर्वीचे किती चेंडू हिट झाले होते, तेवढं.

यांडी डियाझ हे त्याचं उत्तम उदाहरण. दंड पैलवानासारखे, चेंडू सुटायचा गोळीसारखा, पण जमिनीकडे. २०१७ आणि २०१८ मिळून क्लीव्हलंडसाठी त्याचा एकच होम रन. टॅम्पा बेने त्याला घेतलं; २०१९ मध्ये ७९ सामन्यांत १४ होम रन आणि २०२३ मध्ये ०.३३० सह अमेरिकन लीगमधली सर्वोच्च सरासरी. जोर शिकवता येत नाही, कोन थोडाफार सुधारता येतो.

शेवटच्या फेऱ्यांचं आणखी एक अंगचं वैशिष्ट्य आहे. एमपीएससीच्या निकालात पहिल्या आणि पाचव्या उमेदवारात बरेच गुण असतात, आणि कट-ऑफपाशी अर्ध्या गुणात रांग लागलेली असते. घंटेच्या आकाराच्या आलेखाची शेपटी अशीच असते, टोकाला विरळ, आत गर्दी. मेजर लीगचे खेळाडू म्हणजे ती शेपटीच. त्यामुळे दुसऱ्या आणि पंधराव्या निवडीत खरोखरचं अंतर असतं, तर २१० व्या आणि २६० व्या निवडीतलं अंतर अंदाजातल्या चुकीपेक्षाही कमी. तिथे क्रमवारीला चिकटून राहणं म्हणजे नाहक शिस्त.

शिवाय तिथे चुकीची किंमत नगण्य असते. पहिल्या फेरीतला खेळाडू फसला तर हंगाम बसतो. बाविसाव्या फेरीतला फसला तर त्याला सोडायचं आणि कोणीच न घेतलेल्यांतून दुसरा उचलायचा. समजा एक अनुभवी गडी त्या फुकटातल्या खेळाडूपेक्षा हमखास २ गुण जास्त देईल. दुसऱ्या पोराची २० गुण जास्त देण्याची शक्यता पाचात एक, एरवी शून्य, कारण एरवी आपण त्याला सोडून देऊ. पोराची सरासरी किंमत ४ निघते, दुप्पट. वरच्या फेऱ्यांत भरवशाचा माणूस घ्यावा, खाली बेभरवशाचा. आमच्या लीगमधले जुने लोक नेमकं उलट करतात, शेवटी ‘निदान खेळेल तरी’ म्हणून पस्तिशीचा कोणीतरी घेतात.

लहान नमुन्यावर विश्वास ठेवू नये, हे मी इतकं घोकलं होतं की त्यानेच मला एकदा फसवलं. २००९ मध्ये टोरांटोच्या होसे बाउटिस्टाचे वर्षभरात १३ होम रन झाले, त्यांतले १० शेवटच्या महिन्यातले. २०१० च्या ड्राफ्टला माझ्या शेजारी बसलेल्या मित्राने ते दाखवलं. मी म्हणालो, सप्टेंबरच्या आकड्यांत काही नसतं. त्या दहा होम रनच्या मागे कारण होतं, हे मी वाचलंच नव्हतं: प्रशिक्षकांनी त्याला बॅट फिरवायला आधी सुरुवात करायला लावलं होतं. योगायोगाचे आकडे मध्याकडे परततात, पण फलंदाजाची कृतीच बदलली असेल तर त्याचा मध्यच सरकलेला असतो. २०१४ च्या वसंतात जे. डी. मार्टिनेझचंही तेच झालं. हिवाळ्यात त्याने आपली बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली होती. ह्यूस्टनने सरावात १८ संधी पाहून त्याला मोकळं केलं आणि त्या वर्षी तो डेट्रॉइटसाठी ०.३१५ आणि २३ होम रन करून गेला. अठरा संधी. मन्सनच्या निम्म्याही नाहीत.

बाउटिस्टाने २०१० मध्ये ५४ होम रन मारले, दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक. त्या फेरीत मी एक पिचर घेतला होता. त्याचं नाव आता आठवत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोडला होता.