नामांतर आंदोलन (मराठवाडा विद्यापीठ)

औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी झालेले दीर्घकालीन आंदोलन. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाने केलेला ठराव आणि १४ जानेवारी १९९४ रोजी घोषित झालेला नामविस्तार या त्याच्या दोन ठळक मर्यादा. या कालखंडास कोणी सोळा, तर कोणी सतरा वर्षे म्हणतात. हा फरक १९७७ हे वर्ष धरावे की १९७८, यावरून पडतो. विद्यापीठाच्या आवारात सुरू झालेला हा वाद मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत पोहोचला आणि तेथे दलित वस्त्यांना त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

पार्श्वभूमी : सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. येथील उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी (स्थापना १९१८) बांधलेले होते आणि तेथील अध्यापनाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलाला पदवीपर्यंत जायचे तर भाषा आणि अंतर या दोन्ही अडचणी होत्या. दलित मुलाच्या वाटेत जातही होती. आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईतील सिद्धार्थ महाविद्यालयानंतर औरंगाबादेत १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. त्याची कोनशिला १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. म. भि. चिटणीस हे पहिले प्राचार्य. मराठवाड्यातील आधुनिक पदवी शिक्षणाचा आरंभ सामान्यतः याच संस्थेपासून मानतात. नागसेनवन या महाविद्यालयाच्या परिसरातील वसतिगृहांतून दलित विद्यार्थ्यांची पहिली मोठी पिढी शिकून बाहेर पडली. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिकही याच शहरातून निघत होते. विद्यापीठाशी आंबेडकरांचे नाव जोडण्याची मागणी नंतरच्या काळात कोणी बाहेरून आणलेली नव्हती. मराठवाड्यातील उच्च शिक्षणाच्या इतिहासातच तिची मुळे होती, हे त्यामुळे ध्यानात ठेवावे लागते.

मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. सुंदरराव डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू होते.

मागणीचा उगम : याविषयी एकमत नाही. एका मतानुसार विद्यापीठाच्या स्थापनेपूर्वी न्या. पळणिटकर यांच्या समितीसमोर जी निरनिराळी नावे सुचवली गेली, त्यांत आंबेडकरांचेही नाव होते आणि समितीने प्रदेशाचे नाव पसंत केले. हे ग्राह्य धरल्यास मागणीचे वय विद्यापीठाइतकेच ठरते. मात्र १९५८ नंतर सुमारे दोन दशके या मागणीमागे सलग चळवळ उभी राहिल्याचे दिसत नाही. दुसरे मत मागणीचा उगम १९७७ च्या सुमारास मानते. आणीबाणी संपली होती, काँग्रेसची दलित मतांवरील पकड ढिली झाली होती आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथर या लढाऊ युवक संघटनेच्या प्रभावाखाली वाढलेले विद्यार्थी औरंगाबादेत संघटित होत होते. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्याकडून आश्वासन मिळाले आणि विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाने अनुकूल ठराव केला, या घटना याच वर्षातील मानल्या जातात. सूचना जुनी आणि चळवळ १९७७ ची, असा भेद केला तर दोन्ही मतांचा मेळ बसतो. उपलब्ध पुराव्याशी तेच अधिक सुसंगत वाटते.

आरंभी सवर्ण विद्यार्थ्यांच्या काही गटांनीही मागणीला पाठिंबा दिला होता, ही बाब नंतरच्या कटुतेत झाकली गेली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात हे विद्यार्थी एकत्र रस्त्यावर आले होते. पुढे शिष्यवृत्त्या, राखीव जागा आणि वसतिगृहे या प्रश्नांवर फूट वाढली आणि नामांतराचा प्रश्न त्या फुटीच्या मध्यभागी आला.

१९७८ चा ठराव आणि त्याचे स्वरूप : शरद पवार यांनी १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापन केले. त्यानंतर नवव्या दिवशी, २७ जुलैला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. मात्र तो ठराव होता, कायदा नव्हे. विद्यापीठाचे नाव त्याच्या अधिनियमात लिहिलेले असते. अधिनियमात दुरुस्ती झाल्याशिवाय किंवा अध्यादेश निघाल्याशिवाय पदवी प्रमाणपत्रावरचे एक अक्षरही बदलत नाही. ठरावामुळे सभागृहाची इच्छा व्यक्त झाली. अंमलबजावणीची तारीख मात्र शासनाच्या हाती राहिली. हिंसाचार उसळताच शासनाला अंमलबजावणी स्थगित ठेवता आली, ती याच फटीमुळे. पुढील सोळा वर्षे आंदोलकांची मुख्य घोषणा ‘ठरावाची अंमलबजावणी करा’ अशीच राहिली. लोकप्रतिनिधींनी एकमुखाने मान्य केलेली गोष्ट रस्त्यावरच्या दहशतीने अडवता येते का, हा घटनात्मक प्रश्न होता. त्या काळच्या चर्चेत त्याला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व मिळाले नाही.

हिंसाचार : ठरावाची बातमी पसरताच २७ जुलैच्या रात्रीपासून औरंगाबादेत बंद, जाळपोळ आणि रास्ता रोको सुरू झाले. काही दिवसांतच नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील गावांतून दलित वस्त्यांवर हल्ले होऊ लागले. घरे जाळणे, विहिरी नासवणे, गुरे मारणे, स्त्रियांवर अत्याचार, सामाजिक बहिष्कार असे त्यांचे स्वरूप होते. रेल्वे, दूरध्वनी आणि पूल यांचीही नासधूस झाली. पोलिसांची मदत पोहोचू नये हा त्यामागील हेतू असावा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचिराम कांबळे यांची ४ ऑगस्ट १९७८ रोजी हत्या झाली. नामांतराच्या स्मृतीत त्यांचे नाव अग्रभागी आहे. नागपुरात निदर्शकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात आंबेडकरी तरुण मृत्युमुखी पडले. झळ पोहोचलेल्या गावांची संख्या बाराशेच्या आसपास दिली जाते आणि हिंसाचार ६७ दिवस चालल्याचे सांगतात. त्याचा मुख्य जोर जुलै अखेर ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा या काळात होता.

नावासाठी गावे का जळली, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अत्याचारविरोधी समितीच्या अहवालाने खेड्यातील आर्थिक संबंधांकडे लक्ष वेधले. हल्ले मुख्यतः पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे नवबौद्ध वस्त्यांवर झाले. मातंगादी जातींना तुलनेने कमी झळ बसली. नवबौद्धांनी गावकीची, म्हणजे जातीनुसार गावासाठी करावी लागणारी कामे सोडली होती, मुले शाळेत घातली होती आणि दादासाहेब गायकवाड यांच्या भूमिहीन सत्याग्रहांपासून (१९५९ व १९६४-६५) गायरान जमिनींवर हक्क सांगायला सुरुवात केली होती. अभ्यासकांपैकी गेल ऑम्व्हेट यांनी जात आणि वर्ग या दोन्ही अंगांनी या घटनांची मांडणी केली. दीपंकर गुप्ता यांनी प्रचलित मार्क्सवादी स्पष्टीकरणांवर टीका केली. गोपाळ गुरू यांनी मराठवाड्यातील दलितविरोधी हिंसेची मीमांसा केली, तर अनुपमा राव यांनी हिंसेची प्रतीकात्मक भाषा आणि दलितांच्या नागरिकत्वाचा प्रश्न यांवर भर दिला. निव्वळ आर्थिक स्पष्टीकरण अपुरे पडते, कारण ज्या गावांत जमिनीचा तंटा नव्हता तेथेही घरे जळाली. सुशिक्षित नवबौद्ध तरुणाचे बदललेले राहणीमान, त्याचा ताठ कणा आणि त्याची नोकरी यांविषयीच्या रोषाला नामांतराने निमित्त पुरवले, हे मत अधिक पटते.

विरोधाची भूमिका : विरोधकांत सर्वच जण जातीय भावनेने बोलत नव्हते. दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव आणि गोविंदभाई श्रॉफ हे दोघेही हैदराबाद मुक्तिसंग्रामातील अग्रणी होते आणि दोघांचाही नामांतराला विरोध होता. ‘मराठवाडा’ या नावात निजामी राजवटीविरुद्धचा लढा आणि उपेक्षित प्रदेशाची अस्मिता सामावलेली आहे, आंबेडकरांबद्दल आदर असला तरी ते नाव पुसू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. आंबेडकरांचे नाव दुसऱ्या एखाद्या संस्थेला द्यावे, असेही सुचवले गेले. या युक्तिवादाची प्रामाणिकता मान्य करूनही दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. कोल्हापूरच्या विद्यापीठाला १९६२ मध्ये स्थापनेच्या वेळीच शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले होते, तेव्हा व्यक्तिनामाची प्रथा महाराष्ट्रात नवी नव्हती. शिवाय, मराठवाड्याची अस्मिता कोणाची, आणि तीत मराठवाड्यातला दलित बसतो की नाही, याचे उत्तर या युक्तिवादात मिळत नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिवसेनेने मराठवाड्यात पाय रोवले, ते बऱ्याच अंशी नामांतरविरोधाच्या बळावर. ‘घरात नाही पीठ, कशाला हवे विद्यापीठ’ ही त्या प्रचारातील घोषणा दलितांच्या दारिद्र्याचीच हेटाळणी करणारी होती. ती आजही दुखऱ्या आठवणीने सांगितली जाते.

आंदोलनाचा विस्तार : १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च हा आंदोलनाचा सर्वाधिक परिचित टप्पा. पायी निघालेल्या या मोर्चाला वाटेत पोलिसांनी अडवले आणि मोठ्या प्रमाणावर अटका केल्या. दलित पँथर, रिपब्लिकन गट आणि विद्यार्थी संघटना यांच्याबरोबर एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखे समाजवादी नेतेही नामांतराच्या बाजूने उभे राहिले. सत्याग्रह आणि जेलभरो यांचे सत्र पुढेही चालू राहिले. फेब्रुवारी १९८० मध्ये पवार सरकार बरखास्त झाले. त्यानंतरच्या मुख्यमंत्र्यांत शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि शंकरराव चव्हाण हे दोघे मराठवाड्याचेच होते, तरी निर्णय झाला नाही. स्त्रियांनी मोर्चे, तुरुंगवास आणि गावातला बहिष्कार हे सारे सोसले. त्यांच्या सहभागाच्या लिखित नोंदी मात्र तुटपुंज्या असून तो मुख्यतः आठवणी आणि शाहिरांच्या गीतांतून कळतो.

नामविस्तार : आंबेडकरांना १९९० मध्ये भारतरत्न देण्यात आले. त्यांच्या जन्मशताब्दीनंतर मागणीला पुन्हा धार आली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले आणि वातावरण पेटले. १४ जानेवारी १९९४ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, पुन्हा मुख्यमंत्रिपदी आलेल्या शरद पवार यांनी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव घोषित केले. जुने नाव काढून टाकले गेले नाही, त्याला नवे जोडले गेले. म्हणून शासनाने यास ‘नामविस्तार’ म्हटले. आंदोलकांपैकी काहींना ही तडजोड अपुरी वाटली, बहुतेकांनी ती विजय म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर आणि परभणी जिल्हे त्याच्याकडे गेले. मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचे नाव आणि ‘मराठवाडा’ हा शब्द दोन्ही त्यात आल्याने, प्रादेशिक अस्मितेच्या बाजूची बोळवण करण्याचा हा मार्ग होता, असे मानण्यास जागा आहे. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीनंतर शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. त्या निकालात नामविस्ताराचा वाटा किती, यावर मतभेद आहेत.

दरवर्षी १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी मोठा जनसमुदाय जमतो. सभा होतात, पुस्तकांची दुकाने लागतात आणि शहीदांना अभिवादन केले जाते. ‘विद्यापीठ गेट’ हे चित्र आंबेडकरी घरांतून, फलकांतून आणि निमंत्रणपत्रिकांतून सर्वत्र दिसते. विद्यापीठाच्या वास्तूला असे स्थान लाभल्याचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

प्रदेशाचे किंवा शहराचे नाव कायम ठेवून त्याआधी व्यक्तिनाम जोडण्याची १९९४ ची रीत पुढे राज्यात रूढ झाली. परभणीचे मराठवाडा कृषी विद्यापीठ २०१३ मध्ये वसंतराव नाईक यांच्या नावे, पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांच्या नावे, तर जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांच्या नावे ओळखले जाऊ लागले. यांपैकी परभणीच्या विद्यापीठाच्या नावातही ‘मराठवाडा’ हाच शब्द होता. तेथे एकाही गावात घर जळाले नाही.