भाषांतराला मजकूर देण्यापूर्वी: ‘रन’ या एका क्रियापदाविषयी

मजकूर हाती आल्यावर आम्ही बहुतेकदा ग्राहकांना फोन करतो आणि एखाद्या अगदी साध्या इंग्रजी शब्दाबद्दल विचारतो. अनेकांना याचे नवल वाटते. पण अवघड पारिभाषिक शब्दाला सहसा एकच अर्थ असतो आणि तो कोशात सापडतो. भाषांतर अडते ते गेट, टेक, सेट, रन अशा शाळेत सुरुवातीलाच शिकलेल्या क्रियापदांपाशी.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या संपादनात ‘रन’ने तिला मागे टाकले. या एका क्रियापदाचे 645 अर्थ कोशकारांनी वेगळे काढले आहेत.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते आणि गावाला जायला दोन तासही लागतात. सोबतचा शब्द पाहिल्याशिवाय नुसत्या ‘लागणे’चा अर्थ सांगता येत नाही. ‘रन’चेही तसेच आहे. माणूस धावतो, नदी वाहते, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, कंपनी चालवली जाते, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो. इंग्रजीत या सगळ्याला ‘रन’ चालतो.

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ‘डू नॉट रन द पंप ड्राय’ अशी सूचना असते. ‘पंप कोरडा चालवू नका’ असे लिहिले, तर वाचणारा पंप बाहेरून पुसून कोरडा ठेवायचा की ओला, याच विचारात पडेल. सांगायचे असते ते हे: पंपात पाणी नसताना तो सुरू करू नका. आतले सील, म्हणजे पाणी बाहेर गळू न देणारा भाग, त्या पाण्यानेच थंड राहते, पाणी नसेल तर ते घासून जळते. म्हणून आम्ही पाण्याचा उल्लेख स्पष्ट करतो. हेच दोन शब्द उलटे करून ‘ड्राय रन’ म्हटले, की अर्थ होतो सराव म्हणून घेतलेली चाचणी!

करारनाम्यातला ‘रन’ वेगळाच. तिथे मुदत एखाद्या तारखेपासून मोजली जाते, व्याज एखाद्या तारखेपासून आकारले जाते. ‘फाइव्ह डेज रनिंग’ म्हणजे सलग पाच दिवस.

खरी पंचाईत होते ती संगणकप्रणालीतल्या सुट्या शब्दांच्या यादीत. एका रकान्यात नुसते ‘रन’ लिहिलेले असते. ते बटण असेल तर ‘चालवा’, अहवालातले शीर्षक असेल तर कदाचित ‘फेरी’, क्रिकेटचा गुणफलक असेल तर ‘धावा’. क्रियापद आहे की नाम, हे इंग्रजी रूपावरून कळत नाही. बटणावर ‘चालव’ लिहायचे की ‘चालवा’, हेही वाचणारा कोण यावर ठरते.

म्हणून आमची कळकळीची विनंती आहे. शब्दांच्या यादीसोबत ते शब्द जिथे दिसणार आहेत त्या पानाचे किंवा स्क्रीनचे चित्र पाठवा. वाक्य तोडून देऊ नका, मागचापुढचा परिच्छेदही राहू द्या. मजकूर कामगार वाचणार आहेत, रुग्ण की वकील, हे एका ओळीत कळवा. आणि तुमचे तंत्रज्ञ रोजच्या बोलण्यात ‘ट्रायल रन’ असेच म्हणत असतील, तर तसे सांगा. आम्ही तोच शब्द ठेवू.